सात प्रश्नचिन्हं

एररच्या ओळीत, जिथे तिचं नाव दिसायला हवं, तिथे बरोबर सात प्रश्नचिन्हं होती. चौघांनी मिळून बनवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी लागणारे प्रोग्राम तीन दिवस तिच्या लॅपटॉपवर चढत होते आणि दरवेळी तिथेच अडत होते.

“ताई, लॅपटॉपवरच्या खात्याचं नाव मराठीत आहे; अक्षरं, मात्रा, जोडाक्षराची खूण धरून सात चिन्हं, आणि ह्या प्रोग्रामला एकही वाचता येत नाही,” चौघांचं काम वाटून देणारा ओजस फोनवर म्हणाला. “इंग्रजीत नवं खातं उघडा. सहापर्यंत झालं नाही, तर तुमचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल हो.”

लग्नानंतर अकरा वर्षांनी हाती आलेलं पहिलं काम, आणि उरला होता एक तास. ‘मृण्मयी’ हे खातं नवऱ्याने कौतुकाने उघडून दिलं होतं. लग्नात त्यानेच तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव. परत माहेरची हेमांगी व्हायचं, हे ती दरवर्षी ठरवायची आणि त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायची.

फोनवरचं बोलणं ऐकून नवरा मागे येऊन उभा राहिला. “अगं मृण्मयी, रडतेस काय? स्पेलिंग सांगू?”

“नको,” ती म्हणाली. “हेमांगी लिहितेय. आणि तूही आता मला हेमांगीच म्हण.”