वरची खोली, खालचा फोल्डर

"वरून हा फोल्डर दिसते काय, तेवढं सांगा," खुशालराव सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दिसते ना सर. एकदम खुल्ला आहे," उजैर म्हणाला. सरांच्या घरातले दोन कॉम्प्युटर तपासायला तो परतवाड्याहून सकाळच्या गाडीनं अमरावतीला आला होता. वरच्या खोलीतल्या सरांच्या मुलाला, बंडूला, खालचा प्रिंटर वापरता यावा म्हणून दिवाळीत त्यानंच ते एका वायरनं जोडून दिले होते.

सरांनी कपाळ पुसलं. "वरून कोणी उघडला असता, तर समजलं असतं?"

फोल्डर शेवटचा कधी उघडला, ती तारीख उजैरनं पाहिली. "समजलं असतं ना सर. तुमच्याशिवाय कोणी हात नाही लावला."

"नक्की?"

"नक्की."

सरांनी पुन्हा कपाळ पुसलं.

फोल्डरमध्ये सांख्यिकीची प्रश्नपत्रिका होती. सोमवारी तीच विद्यापीठभर वाटली जाणार होती, आणि सरांचा बंडू त्या पेपरला तिसऱ्यांदा बसणार होता. पेपर काढणाऱ्यानं 'माझा जवळचा नातेवाईक परीक्षेस नाही' असं लिहून द्यायचं असतं. सरांनी दिलं होतं. खरं लिहायचं, तर पोरगा दोनदा नापास झाल्याचं साऱ्या विभागाला कळलं असतं.

यंदाही नापास झाला, तर गोवर्धनकाका त्याला मोझरीजवळच्या वावरात नेणार होता. त्या वर्षांत वऱ्हाडात 'पोरगा शेती करतो' म्हटलं की मुलीवाले चहा न घेता उठत. कापूस म्हटलं, तर चपला घालायलाही थांबत नसत.

उजैरला बोलावलं होतं ते सत्यभामाबाईंनी.

"चोराले कोठी दाखवून झोपले तुमी," चहा ठेवता ठेवता त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोणाले समजलं तर नोकरी जाईन."

"आपला पोरगा चोर आहे काय?"

"मी कुठं त्याचं नाव घेतलं?"

उजैरनं मान वर केली नाही. "सर, फायरवॉल चालू करून देतो. भिंतच समजा. बाहेरचं कोणी आत येत नाही."

"सोमवार झाल्यावर करू. घाई काय आहे?"

"सोमवार झाल्यावर मंग लोणचं घालाचं काय त्याचं?" बाई म्हणाल्या.

उजैरनं पासवर्ड विचारला तेव्हा सर म्हणाले, "सोपा ठेवा, मी विसरतो," आणि बंडूची जन्मतारीख सांगितली. बाईंनी ती जागच्या जागी बदलायला लावली.

उजैरनं भिंत चालू केली. सरांचा चेहरा निकालाच्या दिवशी बंडूचा होतो तसा झाला. चहा तसाच निवला.

खालचं अजून दिसतं का, हे पाहायला उजैर वर गेला. बंडू पुस्तकात तोंड खुपसून बसला होता. त्याच्या मशीनवर खालचा फोल्डर उघडेना.

"झालं भाऊ. आता तुले खालचं काहीच दिसत नाही. बस अभ्यास करत."

बंडूनं उठून दार लोटून घेतलं.

"हे बरं केलं. पण माह्या मशीनलेही एक भिंत घाला, उजैरभाई. खालून वर काही येऊ नये, अशी."

"काहून? तुह्याजवळ काय आहे लपवण्याजोगं?"

"लपवाचं काही नाही," बंडू हळूच म्हणाला. "चार दिवस झाले, बाबा रोज सकाळी तो पेपर माह्या फोल्डरात आणून टाकून राहिले, अन् मी रोज न उघडता पुसून राहिलो."