कार्ड नाही

"इन्शुरन्सचं कार्ड?" काउंटरमागच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

कॅझ वोयटासचा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. कार्ड पाकिटात होतं. काचेच्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाच्या पाकिटात ते होतं, आणि ते कॅझनेच मिळवून दिलं होतं. तो युनियनचा अध्यक्ष. काही वर्षांपूर्वी ओहायोच्या थंडीत अख्खा हिवाळा संप चालला. शेवटी मालक म्हणाले, पगारवाढ घ्या, नाहीतर चांगला विमा घ्या. कॅझने विमा घेतला. वर अट घातली की टेकडीवरचं मोठं हॉस्पिटल त्यात असलंच पाहिजे. "ज्या कार्डावर ते हॉस्पिटल नाही, ते कार्ड माझ्या माणसांच्या हातात देणार नाही," असं त्याने मूठ आपटून सांगितलं होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि आज तो बायकोला घेऊन दोन गावं ओलांडून इथे आला होता. लाँड्री आणि डोनटचं दुकान यांच्या मध्ये हे छोटंसं एमआरआय सेंटर होतं. लोरेनने शोधलेल्या सेंटरांमधून हेच निवडताना, इथे आपल्याला कोणी ओळखणार नाही, एवढाच हिशेब त्याने केला होता. बायकोला मात्र सांगितलं की इथे गाडी लावायला बरी जागा मिळते.

बाहेर गाडीत दोघांची बराच वेळ हुज्जत झाली होती. लोरेनचा डावा पाय नाताळपासून बधिर होत होता. पाठीचा एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टर पुढचं काही बोलायला तयार नव्हता.

"कार्ड दाखवून हॉस्पिटलात गेलो तर एकोणतीसशे डॉलर," लोरेन म्हणाली. "वर्षाचे पहिले चार हजार आपल्याच खिशातून जातात. त्यानंतर तुझं कार्ड जागं होतं. इथे कार्डाशिवाय चारशे वीस. मशीन तसंच. फोटो वाचणारा डॉक्टरसुद्धा तोच. मी फोन करून विचारलंय."

"काहीतरी चुकलं असेल त्यांचं. कार्ड आहे म्हटल्यावर जास्त कसे होतील?"

"हॉस्पिटलातली बाई म्हणाली, तुमचा भाव तुमच्या विमा कंपनीबरोबरच्या करारात ठरलाय. मग मी आपली विचार करत बसले. दुकानात शिरल्या शिरल्या आपण ओरडून सांगितलं, हाच कोट पाहिजे, दुसरा चालणार नाही, तर दुकानदार भाव कशाला कमी करेल?"

कॅझ काचेवरच्या बर्फाकडे बघत राहिला.

"मी तुला बोल लावत नाहीये, कॅझ."

"लावतेयस."

"बरं, थोडा लावतेय. उतर आता. पायाला मुंग्या आल्यात."

"काउंटरवर तू बोल ना."

"वा. मालकांपुढे तू बोलणार आणि या पोरीपुढे मी?"

आता ती पोर मान वर करून त्याच्याकडे बघत होती. कॅझने टोपी भुवयांपर्यंत ओढली. "नाही," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"कार्ड नाही माझ्याकडे."

बोलला ते हवं त्यापेक्षा मोठ्याने. त्याचे कान तापले. ज्याच्या पाठीमागे कोणी उभं राहत नाही, त्याच्याकडे कार्ड नसतं, असं तो संपातल्या प्रत्येक सभेत सांगत आला होता. आणि आज भर दिवसा, बायकोसमोर, आपणच आपल्याला त्या माणसांत नेऊन बसवलं. लोरेनने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला नकोसा झाला.

मुलीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने पैसे घेतले, पावती दिली आणि लोरेनला आत नेलं. कॅझ बसायला वळला.

खिडकीपाशी चार माणसं बसली होती. चौघंही भिंतीवरच्या टीव्हीकडे टक लावून बघत होती. टीव्ही बंद होता.

भट्टीवरच्या वेंडेलला त्याने आधी ओळखलं. त्याचा हात गळ्यात बांधला होता. मग पॅकिंगमधला रुईझ आणि शेजारी त्याची बायको. कोपऱ्यात म्हातारा ऑर्व्हिल, यंदाच रिटायर झालेला. पळून जावं तर लोरेन आत मशीनमध्ये. कॅझ खोलीच्या मधोमध उभा राहिला. यांनी ऐकलंय. उद्या कारखाना उघडायच्या आत सगळ्यांना कळेल की अध्यक्षाने स्वतःचंच कार्ड खिशात लपवलं. आपण यांची पगारवाढ ज्याच्यावर ओवाळून टाकली, ते कार्ड.

वेंडेलने शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला.

"बस, कॅझ."

कॅझ बसला. आतून मशीनची ठकठक ऐकू येत होती.

"तुम्ही लोक इथे येता?" अखेर त्याने विचारलं.

"कार्ड आलं त्या वर्षापासून," रुईझ म्हणाला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

"सगळे?"

"ज्याला लागेल तो."

"आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. मी अध्यक्ष आहे तुमचा. कुणाच्याच तोंडून कसं निघालं नाही?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी वेंडेलच बोलला, तोही जमिनीकडे बघत.

"निघणार कसं? तू घरी गेल्यावर युनियनच्या हॉलमध्ये हात वर करून मतदान घेतलं होतं आम्ही. तुला सांगायचं नाही, असं एकमताने ठरलं."