लवंगीचे लाडू

"अजून टाक," अमृत म्हणाला.

प्रतीक्षानं बेसनात लवंगी मिरचीची पूड आणखी मूठभर टाकली. तिच्या हातांची आग आग होत होती. दोघांनाही ठसका लागला होता, पण अमृतचा राग ठसक्यानं निवणारा नव्हता.

राग होता 'झाकली मूठ'वर. मोबाइलवर 'पोटोबा मंडळी' नावाचा ग्रुप होता. पैजा लावून खाणारी माणसं त्यावर लाइव्ह खायची आणि रिकामटेकडं जग ते डोळे फाडून बघायचं. आंबी गावचा अमृत तिथला कायमचा पहिला. मग ही झाकली मूठ उगवली. तोंड दाखवायचं नाही, चकार शब्द बोलायचं नाही. समोर नुसतं ताट आणि लांब बाहीच्या शर्टातला एक हात. त्या हातानं गणपतीत मोदकांच्या पैजेत अमृतला धूळ चारली. तेव्हापासून कंपनीतले लोक त्याला 'मोदक' म्हणून हाक मारत होते.

"तोंड लपवून खातोय, भित्रा लेकाचा," तो म्हणाला. "आता बगतो."

दिवाळीला ग्रुपमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव येईल त्याला फराळ पाठवायचा, अशी रीत होती. आलेला डबा लाइव्ह बसून संपवायचा. ज्याचा संपला नाही, तो वर्षभर पैजेतून बाद. यंदा अमृतच्या चिठ्ठीत नेमकी झाकली मूठ आली. पत्ता तिकोणा पेठेतल्या एका किराणा दुकानाचा होता.

"तुज्या माहेरचाच निगाला की गं. कोन आसंल?"

"आमच्या पेठंत एवढं खानारा गडी मी तरी न्हाई पाह्यला," प्रतीक्षा लाडू वळत म्हणाली.

अमृतनं एक लाडू उचलून घासभर तोडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तांब्या तोंडाला लावून तो घटाघटा पाणी प्यायला आणि मग मोठ्यानं हसला. एवढा खूश तो गणपतीनंतर पहिल्यांदाच झाला होता.

शेजारी घरच्या चकल्यांचा डबा उघडा होता. प्रतीक्षानं चकलीचा एक तुकडा उचलला. अमृतनं खाडकन झाकण लावलं. तिचं बोट थोडक्यात वाचलं.

"गड्यांच्या आदी डब्यात हात? बाईमानसानं मागनं खावं. आमची आई कदी कुनाला जेवताना दिसली का?"

प्रतीक्षानं तुकडा झाकणावर ठेवला. तिला भयंकर राग आला. पण ती लाडू वळत राहिली.

तीही कधी जेवताना दिसत नव्हती. अमृत सरावाला पातेलंभर मिसळ करून घ्यायचा, तिलाच मोबाइल धरायला लावायचा, आणि पोट तट्ट झालं की उरलेलं तसंच टाकून उठायचा. सकाळी पातेलं लख्ख असायचं. एकदा त्यानं विचारलं, तर म्हणाली, "म्हशीला घातलं." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

"तळेगावला बाजाराला चाललीस ना? डबा कुरिअरला टाक."

"बरं," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घालून निघाली.

अमृतच्या वाट्याला लोणावळ्याहून चिक्कीचा डबा आला. तो त्यानं हसत हसत फस्त केला. झाकल्या मुठीची पाळी पाडव्याला दुपारी होती.

त्या दिवशी अमृतचं जेवण झाल्यावर प्रतीक्षानं त्याला ओवाळलं. तबक धरून ती उभी राहिली. अमृतचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

"ववाळनीचं नंतर बगू गं."

"ऱ्हाऊ द्या. मिळालं मला," ती म्हणाली. "माजं खायचं ऱ्हायलंय. मी मागं बसते."

"बस की. मला काय इचारती?"

ती मागच्या खोलीत गेली. तिनं दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात लाइव्ह सुरू झालं. झाकल्या मुठीनं डबा उघडला, एक लाडू उचलला. हात पडद्याबाहेर गेला आणि रिकामा परत आला. मग दुसरा. मग तिसरा. अमृत पुढं सरकून बसला. आता खोकला येणार, आता हात थरथरणार. काही झालं नाही. लोक टाळ्या पाठवत होते. कुणीतरी लिहिलं, 'मोदक कुठे आहे?'

अमृतच्या अंगाचा तिळपापड झाला. डब्यात एकच लाडू उरला होता, आणि त्या हातानं अजून पाण्याला शिवलंसुद्धा नव्हतं. रागानं अमृतच्याच घशाला कोरड पडली.

"प्रतीक्षाऽ! कुटं मेलीस? पानी आन!"

मोबाइलवरचा हात शेवटच्या लाडवाकडं निघाला होता. तो मध्येच थांबला.

आणि त्याच क्षणी मोबाइलमधून, मागच्या भिंतीपलीकडून यावा तसा, अमृतचाच आवाज आला, "प्रतीक्षाऽ! कुटं मेलीस? पानी आन!"