मनातलं पार्श्वसंगीत

कानातल्या इवल्याशा यंत्रातून मृण्मयीला तिच्या आवडत्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत ऐकू येई. समोरच्याच्या आवाजावरून त्याचं मन ओळखून यंत्र सूर निवडायचं. आई बोलली की बासरी वाजायची.

आज नवरा घरात येत म्हणाला, "मीटिंग लांबली गं," आणि रहस्यपटात कोणी खोटं बोलताना वाजतो तो चेलो खर्जात घुमू लागला.

"कोणाबरोबर होती?"

"नेहमीचेच लोक." चेलोचा आवाज वाढला.

"हृषीकेश, खरं सांग."

"त्या यंत्रावर विश्वास आहे, माझ्यावर नाही?" तो चिडला.

मृण्मयीने यंत्र काढून त्याच्या कानात बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

हृषीकेशच्या कानात चेलो घुमला. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तूही खोटं बोलतेस!"

"तूही?" मृण्मयीने विचारलं.