किटलीभर गरम पाणी

ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या डोंगरात, गुडघाभर बर्फात, कोर्बिनियान रोजच्यासारखा रिकामी किटली घेऊन शेजारच्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, दाराशी उभा राहिला. दार म्हाताऱ्या वाल्बुर्गाने उघडलं.

"बाई, माझ्या गाडीखालची सांडपाण्याची टाकी पुन्हा गोठली हो. तोटीवर ओतायला थोडं गरम पाणी मिळेल?"

"थोडं कशाला, भरून न्या! अहो, एवढी राजवाड्यासारखी गाडी घेतलीत, अक्कल काय दुकानातच विसरलात? थंडीत तोटी उघडी ठेवायची आणि खाली बादली. टाकीत पाणी राहिलंच नाही तर गोठेल काय, तुमचं कपाळ? सकाळी बादलीतला बर्फ उपडा केला की झालं. शेंबडं पोरही सांगेल!"

"हो बाई, हो बाई," करत तो मान खाली घालून भरली किटली घेऊन गेला.

पालथ्या घड्यावर पाणी! वाल्बुर्गा चरफडली. या पाण्यापायी तिचा गॅस संपत आला होता. आज या शहाण्याला तोटी उघडून दाखवायचीच, म्हणून ती तरातरा त्याच्या गाडीमागे गेली.

तोटी उघडीच होती. खाली बादली होती आणि बादलीत बर्फाचा गोळा.

वाफ जायला किलकिल्या ठेवलेल्या खिडकीतून बायकोशी बोलणाऱ्या कोर्बिनियानचा आवाज आला. "अगं, पाणी गरम आहे तोवर तोंड धुऊन घे, मग मी दाढी करतो. म्हातारीच्या शिव्यांनी काय अंगाला भोकं पडतात? आपला गॅस तर वाचतो!"