अकरा पोरं, अकरा आयांची

"विचारतोस कुणाला? या वस्तीतलं एकूणएक दार मी ठोठावलंय," खासदार एफुआ ड्रायव्हरला म्हणाल्या. "तो लाल-काळा मांडव दिसतोय ना? तिथंच घे."

मांडवात शवपेटीमागं मृताचा भलाथोरला फोटो लावला होता. एफुआ भाषण घोकत त्याच्या शेजारून गेल्या. शनिवार होता, सकाळपासूनचं हे चौथं मर्तिक. पण हे घरचं, म्हाताऱ्या मामे अराबाचं. समाजकल्याण खात्यात असताना बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या पायरीवर सापडलेलं प्रत्येक पोर त्यांनी तिच्याच पदरात टाकलं होतं. म्हातारीनं जाताना एवढंच मागितलं, "माझ्यावर तूच बोल गं. पाद्रीबाबा मला ओळखत नाहीत."

पेटी बंद होती. एफुआंनी माईक हातात घेतला.

"या घरानं अकरा पोरं वाढवली! अकरा वेगवेगळ्या आयांची! एकेक मी स्वतः आणून दिलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही!"

पुढच्या रांगेतली विधवा उभी राहिली.

"आमच्या एबोची? अकरा?" ती म्हणाली. "आणि मला एक नाही झालं, ऑनरेबल."

एफुआंनी मागं वळून पाहिलं. फोटोत टॅक्सी संघटनेचा मिशीवाला अध्यक्ष हसत होता.

तिथल्या रिवाजात नुसत्या तोंडानं माफी चालत नाही. जिनची बाटली आणवली, मग वडीलधारे जमले, मग प्रत्येकानं दोन शब्द बोलून घेतले. तेवढ्यात एकानं रस्ता मागितला, दुसऱ्यानं शाळेला छप्पर. दोन तास गेले. विधवा शेवटपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होती.

मामे अराबाचा मांडव मागच्याच गल्लीत होता. एफुआ धापा टाकत पोचल्या तेव्हा त्याचे खांब उतरवत होते. कुकुआ खुर्च्या एकात एक रचत होती. अकरांतली ही पहिली, मासळीबाजारात टोपलीत सापडलेली.

"तीनपर्यंत झाकण लावू दिलं नाही मी," ती म्हणाली. "पाद्रीबाबा घड्याळ दाखवायला लागले. मग मीच माईक घेतला."

"काय बोललीस?"

"मला कुठं बोलता येतंय? म्हटलं, आंटी निघालीय, रस्त्यात आहे. ते संपलं, की परत तेच म्हटलं."

एफुआंनी तिच्या खांद्याला हात लावला. कुकुआनं तो हळूच बाजूला केला आणि रचलेल्यातली एक खुर्ची ओढून पुढं ठेवली.

"बसा, ऑनरेबल. दमला असाल."

खुर्चीच्या पाठीवर छापलं होतं, 'खासदार एफुआ यांजकडून वस्तीला सप्रेम भेट.'

एफुआ बसल्या. खुर्चीचा मागचा पाय मोडला.