दोन तारखेचा वायदा

दोन एप्रिलला बँक उघडताच मॅनेजरसाहेबांनी पेढे मागवले. जवळा बाजार शाखेच्या ठेवी सरत्या वर्षात पन्नास कोटींच्या पुढे गेल्या होत्या. कशाबशा, एक लाख ऐंशी हजारांनी. पण गेल्या होत्या. आता वार्षिक अहवालात शाखेचं नाव छापून येणार, म्हणून साहेबांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आबाराव दारात दिसले, तसा कॅशियर पुनमच्या जिवात जीव आला. आठ दिवसांपूर्वी म्हातारा दोन लाखांची ठेव मोडायला आला होता. त्याच्या बायकोच्या, गयाबाईच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं. साहेबांनी केबिनमधून खुणावलं, आणि तिनंच त्याला गोड बोलून माघारी धाडलं होतं. "मामा, एकतीस मार्च तेवढा होऊ द्या. दोन तारखेला या, उभ्या उभ्या पैसे देते." त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

आज तिनं कागद आधीच तयार ठेवले होते. आबारावांचा अंगठा घेतला, नोटांची बंडलं पुढं सारली आणि पेढ्यांचं खोकं उघडून धरलं.

"तोंड गोड करा, मामा. अन् मामीला नांदेडला कधी नेता?"

आबारावांनी पैसे पिशवीत घातले. पेढ्याला हात लावला नाही.

"तुमी दोन तारीख दिली होती, म्हणून आलो," ते म्हणाले. "पेढा राहू द्या, बाई. आमाला सुतक हाय."